रामशास्त्र्यांचा चेहरा

अनंत मराठे आणि बेबी शकुंतला यांनी गायिलेले 'रामशास्त्री'तील बालदांपत्याचे गाणे आजही मराठी घरांत अनेकांना तोंडपाठ असते. ज्या चित्रपटातून ते आले तो १९४४ सालचा कृष्णधवल 'रामशास्त्री' मात्र फार थोड्यांनी सलग पाहिलेला असतो. प्रभातचा विषय निघाला की 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस' यांच्यापाशीच बोलणे थांबते. त्यामुळे सर्वांत मोठा अन्याय झाला तो गजानन जागीरदार यांच्यावर.

२ एप्रिल १९०७ रोजी अमरावतीत जन्मलेले जागीरदार चित्रपटसृष्टीत आले ते बोलपटांच्या अगदी उंबरठ्यावर. प्रभात तेव्हा कोल्हापुरात होती. १९४१ साली शांतारामबापूंच्या 'शेजारी'त केशवराव दात्यांच्या जिवा पाटलासमोर त्यांनी मिर्झा उभा केला. त्याच सुमारास आचार्य अत्र्यांसाठी 'पायाची दासी' आणि 'वसंतसेना' हे चित्रपटही दिग्दर्शित केले. म्हणजे 'रामशास्त्री' हाती आला तेव्हा ते नवखे नव्हते. अडचणीत होती ती प्रभात. शांतारामबापू १९४२ मध्ये बाहेर पडले होते. या एका चित्रपटाच्या दिग्दर्शनाशी राजा नेने, विश्राम बेडेकर आणि जागीरदार अशी तीन नावे जोडली गेली. इतके हात लागलेली कलाकृती बहुधा विस्कटते. ही विस्कटली नाही, याचे श्रेय शिवराम वाशीकरांच्या पटकथेला आहे आणि तितकेच मध्यवर्ती भूमिकेलाही.

माहुलीच्या एका अक्षरशून्य पोराने काशीस जावे, विद्वान होऊन परतावे आणि माधवराव पेशव्यांच्या दरबारी न्यायाधीश व्हावे, ही कथा मराठी माणसाला नवी नव्हती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेला नारायणरावांचा खून, 'ध'चा 'मा' आणि पेशवेपदी बसलेल्या राघोबादादांना शास्त्रीबुवांनी सांगितलेले देहांत प्रायश्चित्त, हे सारे खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'ने १९०९ पासून रंगभूमीवर गाजवले होते. प्रेक्षकाला शेवट ठाऊक होता. मग सिनेमाने नवे काय द्यायचे? कॅमेऱ्याने जवळून पाहिलेला चेहरा! ललिता पवारांची आनंदीबाई धगधगती आहे, आणि तिच्यासमोर जागीरदारांचा संयम अधिकच उठून दिसतो. ज्या सत्तेचे अन्न खाल्ले तिलाच दोषी ठरविण्याचे ओझे ते आवेशाने नव्हे, नजरेने दाखवितात. परकीय अंमलाखालच्या, 'छोडो भारत' नुकतेच अनुभवलेल्या प्रेक्षकाला राज्यकर्त्याला कायदा ऐकविणारा हा माणूस कसा वाटला असेल, याची कल्पना करता येते.

हा चित्रपट प्रभातच्या वैभवाचा जवळजवळ अखेरचा उजेड ठरला. पुढच्या दशकभरात कंपनी बंद पडली. जागीरदार 'बेहरामखान', 'जेलयात्रा' करत राहिले, १९६१ साली 'शाहीर परशुराम' आणि 'वैजयंता' आले, आणि हळूहळू हिंदी पडद्यावरचे ते चरित्र अभिनेते झाले. 'उमराव जान'मधील मौलवीसाहेब आठवतात का? तेच जागीरदार. कोणत्याही थोर नटाला अशी कामे करावी लागतात, त्यात कमीपणा नाही. पण पुढच्या पिढीला नेमकी तीच लक्षात राहतात, हे खटकते.

दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. प्रभातच्या पुण्यातील ज्या आवारात 'रामशास्त्री' घडला, तिथेच १९६० मध्ये सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट काढली आणि तिचे पहिले प्रमुखपद जागीरदारांकडे आले. जुन्या सेटांच्या जागी आता विद्यार्थी होते. आणि ऐंशीच्या दशकात, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, त्यांनी दूरदर्शनसाठी रणजित देसाईंची 'स्वामी' दिग्दर्शित केली. रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांच्या रूपाने माधवराव आणि रमाबाई घरोघरी पोहोचले. ज्या पेशव्याचा न्यायाधीश त्यांनी चार दशकांपूर्वी साकारला होता, त्याच पेशव्याची कथा ते आता दिग्दर्शकाच्या खुर्चीतून सांगत होते. १३ ऑगस्ट १९८८ रोजी त्यांचे निधन झाले.