जयप्रभाचा जमाखर्च

कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओचे नाव निघाले, की मावळे, भगवी निशाणे आणि सूर्यकांत-चंद्रकांत डोळ्यांपुढे उभे राहतात. त्या वास्तूच्या जमाखर्चाची आठवण सहसा कोणी काढत नाही. भालजी पेंढारकर नावाचा माणूस समजून घ्यायचा, तर ती वही उघडावीच लागते.

भालजी कोल्हापूरचेच. बाबूराव पेंढारकर आणि मास्टर विनायक यांच्यासारखे कलावंत घरात, व्ही. शांताराम नात्यात. १९३२च्या ‘श्यामसुंदर’ने त्यांना रौप्यमहोत्सवी यश दाखवले. पुढच्याच वर्षी ‘प्रभात’ने पुण्याला प्रस्थान ठेवले आणि करवीरनगरी पोरकी झाली. ही उणीव भरून काढण्यासाठी छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयाने ‘कोल्हापूर सिनेटोन’ उभी राहिली. तिच्यासाठी भालजींनी १९३४ मध्ये ‘आकाशवाणी’ दिग्दर्शित केला. कालांतराने हाच स्टुडिओ त्यांच्या मालकीचा झाला आणि ‘जयप्रभा’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

स्टुडिओ बाळगणे म्हणजे दारी हत्ती बांधणे. चित्रीकरण असो वा नसो, विजेचे बिल चुकत नाही. सुतार, रंगारी, प्रकाशयोजनेचे कामगार, पगारी कलावंत यांच्या चुली त्याच आवारावर अवलंबून असतात. मराठी चित्रपटाचा प्रेक्षक मर्यादित आणि ऐतिहासिक चित्रपटाचा खर्च अवाढव्य. दोहोंतील तफावत शेवटी मालकाच्याच खिशातून भरून निघते.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर उसळलेल्या जाळपोळीत ब्राह्मणांची घरेदारे भक्ष्यस्थानी पडली. त्यात जयप्रभाही होता. त्या काळची फिल्म नायट्रेटची, ठिणगी पडताच भडकणारी. ‘मीठ भाकर’चे केलेले सारे काम आगीत गेले.

भालजी तेव्हा पन्नाशीला टेकले होते. हिशेबी माणसाने अशा वेळी कुलूप लावले असते. कंपनी बुडाली की देणीही तिच्याबरोबर बुडतात, हा व्यापारातला रूढ मार्ग. त्याला कोणी फारशी नावेही ठेवत नाही. भालजींनी कर्ज काढले, पुन्हा भिंती उभारल्या आणि जळालेला चित्रपट नव्याने चित्रित केला. ‘मीठ भाकर’ १९४९ मध्ये पडद्यावर आला.

पण त्या कर्जाने त्यांची पाठ सोडली नाही. १९५२ मध्ये त्यांनी ‘छत्रपती शिवाजी’सारखा मोठ्या खर्चाचा चित्रपट हाती घेतला. देणी डोक्यावर असताना असा पसारा मांडणे व्यवहाराला धरून नव्हते, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे. स्वतःची मिळकत आणि संस्थेची गरज यांत भिंत उभी करणे त्यांना कधी जमले नाही. जमले असते, तर कदाचित स्टुडिओ वाचला असता. चित्रपट मात्र झाले नसते.

अखेर जयप्रभाची मालकी सोडण्याची वेळ आली आणि तो लता मंगेशकर यांनी घेतला. पेंढारकर आणि मंगेशकर यांचा स्नेह जुना. मास्टर दीनानाथांच्या निधनानंतर पोरवयातच कमावती झालेली लता मास्टर विनायकांच्या कंपनीत काम करू लागली आणि काही काळ कोल्हापुरात राहिली. कागदोपत्री मालक बदलला, भालजी मात्र तेथेच काम करत राहिले. गंमत अशी, की त्यांच्या कारकिर्दीतील काही उत्तम चित्रपट याच काळातले. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ आणि ‘तांबडी माती’ या चित्रपटांना संगीत देणारे ‘आनंदघन’ म्हणजे दुसरे कोणी नव्हे, स्वतः लतादीदीच.

‘साधी माणसं’मध्ये गावातले लोहार दांपत्य शहराच्या वाटेला लागते आणि तेथे फसवले जाते. भात्यापुढे घाम गाळणाऱ्या त्या माणसांचे कष्ट रंगवताना दिग्दर्शकाने स्वतःचेही काही त्यात ओतले असावे, असे चित्रपट पुन्हा पाहताना वाटत राहते.

१९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. २६ नोव्हेंबर १९९४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले. पुढे जयप्रभाची जागा विकली जाण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा ती चित्रीकरणासाठीच राहावी म्हणून कोल्हापूरचे कलावंत आणि तंत्रज्ञ रस्त्यावर उतरले. भालजींना चित्रीकरण करताना ज्यांनी कधी पाहिलेही नव्हते, अशी तरुण मंडळीही त्यांत होती.