जेम्सच्या दंडावरचा प्रयोग

आठ वर्षांच्या पोराला मुद्दाम देवीचा पू टोचायचा! आज कुठल्याही एथिक्स कमिटीने असा प्रस्ताव दारातूनच परत पाठवला असता. एडवर्ड जेन्नरने मात्र १७९६मध्ये नेमकं हेच केलं.

१७४९ साली इंग्लंडमधल्या बर्कली गावात जन्मलेला जेन्नर लंडनला शिकून आला आणि गावातच डॉक्टरकी करू लागला. गाईंच्या देवी होऊन गेलेल्या गवळणींना माणसांच्या देवी येत नाहीत, ही तिथली जुनी समजूत. जेन्नरने ती तपासून बघायचं ठरवलं. १४ मे रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव त्याने जेम्स फिप्सच्या दंडावर टोचला. जेम्स म्हणजे त्याच्या माळ्याचा मुलगा. थोडा ताप आला, बस्स. मग जुलैत खऱ्या देवीचा पू टोचला. देवी आल्याच नाहीत! (सौम्य देवी याव्यात म्हणून असा पू टोचायची तेव्हा पद्धतच होती, लहानपणी जेन्नरलाही टोचला होता.)

पण एका पोरावरून निष्कर्ष? रॉयल सोसायटीने निबंध परत केला. खरं सांगायचं तर सोसायटीचं फार चुकलं नाही. जेन्नरने आणखी केसेस जमवल्या आणि १७९८मध्ये २३ केसेसचं पुस्तक स्वतःच छापलं. चारच वर्षांत ती लस मुंबईत पोचली. १४ जून १८०२ला तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला टोचली, ती भारतातली पहिली.

१८२३मध्ये जेन्नर गेला. त्याआधी त्याने जेम्सला बर्कलीत राहायला एक घर दिलं होतं, बिनभाड्याचं.