सरखेल कान्होजी आंग्रे : एक पेन्सिलचित्र

पेन्सिलने व्यक्तिचित्र काढताना आधी बाह्यरेषा आखावी लागते. मग छायाप्रकाश भरला म्हणजे चेहऱ्याला जिवंतपणा येतो. नुसता प्रकाश दाखविला तर चित्र सपाट होते, नुसती छाया भरली तर चेहरा काळवंडतो. मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांचे चित्र इंग्रजांनी असेच काळे करून टाकले. त्यांच्या दप्तरी कान्होजी चाचे ठरले. ते चित्र आपण नव्याने रेखाटू या.

प्रथम बाह्यरेषा. कान्होजींचे वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या आरमारात होते. १६९८ साली कान्होजींकडे सरखेलपद, म्हणजे आरमाराचे आधिपत्य आले. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे जलदुर्ग आणि गुराबा-गलबते हे त्यांचे बळ. कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा असा त्यांचा दंडक होता. पोर्तुगीजही आपले परवाने असेच सक्तीने घ्यावयास लावीत. मग तोच हक्क बजावणारा मराठी अधिकारी तेवढा चाचा कसा?

आता छाया. १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची सशस्त्र नौका पकडली. त्या लढाईतच विधवा झालेल्या एका तरुण इंग्रज स्त्रीला ३० हजार रुपयांच्या खंडणीसाठी अडकवून ठेवण्यात आले. ही छाया रबराने पुसून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आणि प्रकाश? १७१३ मध्ये ताराबाईंच्या पक्षाने लढताना त्यांनी शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले. पारडे जड असतानाच बाळाजी विश्वनाथ बोलणी करावयास आले, तेव्हा कान्होजींनी तलवार म्यान केली, पेशव्यांना मुक्त केले आणि शाहूंचे स्वामित्व मानले. या समेटाचे फळ पुढे दिसले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेव्हा बाजीराव फौजेनिशी मदतीस धावले. पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि मोहीम फसली. घरची दुही मिटली होती, म्हणूनच किनारा राखता आला.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी निवर्तले. अलिबागेस त्यांची समाधी आहे. १९५१ मध्ये स्वतंत्र भारताच्या नौदलाने आपल्या मुंबईतील तळाला 'आंग्रे' हे नाव दिले.

आपल्या टिळकवाडीतून समुद्र दिसत नाही. मध्ये सह्याद्री उभा आहे. तरी घाटाखालच्या या सेनानीचे चित्र आपणही काढावे. मात्र परक्याने काढलेले चित्र गिरवू नये आणि आपला माणूस म्हणून त्यातील छायाही गाळू नये.