थर्गुड मार्शल : शाळेच्या बाकासाठी लढलेला वकील

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

कायद्याने शाळेचे बंद दार उघडता येते. परंतु त्या दारातून आत आलेल्या मुलाशेजारी आपल्या मुलाला बसू द्यायचे की नाही, हे कोण ठरवणार? न्यायाधीश की आईबाप? अमेरिकेत गेल्या शतकात या प्रश्नाने फार मोठी उलथापालथ घडवली. शाळेच्या बाकावर गोरे आणि काळे मूल शेजारी बसावे म्हणून ज्यांनी आपले आयुष्य वेचले, आणि मिळवलेले ते शेजारपण पुन्हा मोडू लागले तेव्हा जे न्यायासनावरूनही गप्प बसले नाहीत, त्या थर्गुड मार्शल यांची ही जीवनकथा. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता. ज्यांच्या मुक्तीचे आपल्या महात्म्याला एवढे मोल वाटले, त्यांच्या नातवंडा-पतवंडांचे पुढे काय झाले, हे आपण जाणून घ्यायलाच हवे.

मार्शल यांचा जन्म २ जुलै १९०८ रोजी मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरात झाला. त्यांचे पणजोबा गुलाम होते. वडील विल्यम रेल्वेच्या भोजनडब्यात वाढप्याचे काम करीत. आई नॉर्मा कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत शिक्षिका होती. वडिलांचे शिक्षण बेताचे, पण त्यांना कोर्टात जाऊन खटले ऐकण्याचा नाद होता. ते मुलांनाही सोबत नेत आणि रात्री जेवताना त्यांच्याशी वाद घालीत. पोरगे एखादे विधान करून बसले की वडील लगेच पुरावा मागत. वकिलीचे पहिले धडे असे घरातच मिळाले. दुसरा धडा शाळेत मिळाला. थर्गुड वर्गात खोडकर होता. खोडी केली की त्याला देशाची राज्यघटना पाठ करण्याची शिक्षा होई. शाळा संपेपर्यंत बरीचशी घटना त्याला मुखोद्गत झाली होती. त्या घटनेत समानतेचे वचन होते, आणि शाळेबाहेर पाऊल टाकताच ते कुठेच दिसत नव्हते.

१९३० साली लिंकन विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्यांना वकिलीचे शिक्षण घ्यायचे होते. मेरीलँड विद्यापीठाचे विधी महाविद्यालय त्यांच्याच गावात होते, परंतु तेथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. म्हणून वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठात नाव घातले. पहाटे उठून आगगाडीने जायचे आणि रात्री परत यायचे, असा रोजचा क्रम सुरू झाला. प्रवेशाची फी भरण्यासाठी आईने आपल्या लग्नाची आणि साखरपुड्याची अंगठी गहाण टाकली. हे वाचताना मला थोडा वेळ पुढे वाचवेना. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आईच्या अंगावरचा दागिना फीच्या पावतीत कसा बदलतो, हे माझ्यासारख्या अनेकांना सांगावे लागत नाही.

हॉवर्डमध्ये त्यांना चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हे गुरू लाभले. ह्यूस्टन अतिशय कडक शिस्तीचे होते. समाजाच्या उपयोगी न पडणारा वकील त्यांना मान्यच नव्हता. मार्शल १९३३ साली वर्गात पहिले आले. गुरुशिष्यांनी मोटारीतून दक्षिणेकडील राज्यांचा दौरा केला आणि तेथील शाळा डोळ्यांनी पाहिल्या. गोऱ्या मुलांना पक्क्या इमारती, तर काळ्या मुलांना गळकी छपरे! हे सारे कायदेशीर होते. १८९६ साली रेल्वेच्या डब्यांसंबंधीच्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळे पण समान हे तत्त्व मान्य केले होते. त्यातले वेगळेपण तेवढे काटेकोरपणे पाळले गेले, समानता मात्र कागदावरच राहिली.

ह्यूस्टन यांनी धोरण आखले ते असे, की एकदम प्राथमिक शाळांना हात न घालता वरच्या शिक्षणापासून सुरुवात करावी. कारण तेथे प्रकरणे थोडी, आणि राज्याजवळ काळ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळे विधी महाविद्यालय बहुधा नसतेच. गंमत अशी, की पहिला मोठा विजय मिळाला तो मेरीलँडच्याच विधी महाविद्यालयाविरुद्ध. जे दार मार्शल यांना बंद होते, ते १९३६ साली डोनाल्ड मरे या तरुणासाठी वरिष्ठ न्यायालयानेही उघडे ठेवले. पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ पासून झटणाऱ्या एन. ए. ए. सी. पी. या संस्थेचे ते प्रमुख वकील झाले. दक्षिणेत खटले चालवताना जिवाला धोका असे. गावात राहायला हॉटेल मिळत नसे. कुणा कृष्णवर्णीयाच्या घरी मुक्काम करावा लागे.

१९५० साली सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. टेक्सास राज्याने हेमन स्वेट या एका विद्यार्थ्याला टाळण्यासाठी घाईघाईने वेगळे विधी महाविद्यालय काढले होते. ते न्यायालयाने समान मानले नाही. ओक्लाहोमात जॉर्ज मॅक्लॉरिन या प्रौढ विद्यार्थ्याला प्रवेश तर दिला, पण वर्गाला लागून असलेल्या खोलीत वेगळे बसवले. ग्रंथालयातही त्यांचे टेबल वेगळे आणि उपाहारगृहातील जेवणाची वेळही वेगळी. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळ्या बसणाऱ्या लहानग्या भीमरावाची आठवण येथे कुणाला होणार नाही? न्यायालयाने ही वागणूकही घटनाबाह्य ठरवली. आता खाली, लहान मुलांच्या शाळेकडे वळण्याची वेळ आली होती.

पाच ठिकाणचे खटले एकत्र आले. साउथ कॅरोलिनातील क्लॅरेंडन परगण्यात गोऱ्या मुलांसाठी तीस बसगाड्या होत्या, काळ्या मुलांसाठी एकही नव्हती. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्यात बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने १९५१ साली आपल्या मोडक्या, गर्दीने फुगलेल्या शाळेत संप घडवून आणला. कॅन्सस राज्यातील टोपेका येथे ओलिव्हर ब्राऊन यांची लहान मुलगी लिंडा हिला जवळची शाळा सोडून रेल्वेच्या रुळांपलीकडून दूरच्या शाळेत जावे लागे. डेलावेअर राज्यातून आणि खुद्द राजधानी वॉशिंग्टनमधूनही पालक पुढे आले. मार्शल यांनी आता इमारतींचा प्रश्न बाजूला ठेवला. शाळा कितीही चांगली बांधली तरी मुलाला वेगळे काढणे हाच अन्याय आहे, असे त्यांनी मांडले. त्यासाठी केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या बाहुल्यांच्या प्रयोगाचा आधार घेतला. काळ्या मुलांपुढे गोरी आणि काळी बाहुली ठेवली असता बरीचशी मुले गोरी बाहुलीच चांगली म्हणून उचलत. विरुद्ध बाजूला जॉन डेव्हिस यांच्यासारखे नामांकित वकील होते, जे १९२४ साली अध्यक्षपदाचे उमेदवार होते. १७ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकाल वाचला. सर्व नऊ न्यायाधीशांचे एकमत झाले होते. सरकारी शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरला.

मार्शल यांचा अंदाज असा होता, की फार तर पाच वर्षांत देशभरच्या शाळा एक होतील. येथूनच त्यांच्या आयुष्यातील अवघड भाग सुरू होतो. १९५५च्या फेब्रुवारीत त्यांची पत्नी व्हिव्हियन कर्करोगाने गेली. त्याच वर्षी न्यायालयाने अंमलबजावणीचा आदेश दिला, पण त्यात निश्चित मुदतच घातली नाही. ही फट विरोधकांनी बरोबर हेरली. १९५७ साली लिटल रॉक गावात नऊ विद्यार्थ्यांना शाळेत नेण्यासाठी लष्कर बोलवावे लागले. प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर कमाल केली. एकत्र शाळा चालवण्यापेक्षा त्यांनी १९५९ साली सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप लावले. गोऱ्या पालकांनी खाजगी शाळा काढली. तिच्या फीसाठी सरकारी अनुदान आणि करात सूट मिळू लागली. काळी मुले मात्र पाच वर्षे, १९६४ सालचा न्यायालयाचा निकाल येईपर्यंत, शाळेविना राहिली. जी मुलगी आठ वर्षांची असताना शाळा बंद झाली, ती उघडली तेव्हा तेरा वर्षांची झाली होती. ही पाच वर्षे तिला कोण परत देणार?

वकील म्हणून मार्शल यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे बत्तीस खटले चालवले आणि त्यांपैकी एकोणतीस जिंकले. अध्यक्ष केनेडी यांनी त्यांना १९६१ साली संघराज्याच्या अपील न्यायालयात नेमले. १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना सरकारचे सॉलिसिटर जनरल केले, आणि १९६७ साली ते सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले.

दुसऱ्याच वर्षी त्यांच्यापुढे न्यू केंट परगण्याचा खटला आला. या परगण्यात दोनच शाळा होत्या, एक गोऱ्यांची आणि एक काळ्यांची. तेथील शाळा मंडळाने निवडीच्या स्वातंत्र्याची योजना आणली होती. ज्या पालकाला जी शाळा हवी ती त्याने निवडावी! वरवर पाहता यात वावगे काय आहे? परंतु तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने काळ्यांची शाळा निवडली नाही, आणि शंभरातील पंच्याऐंशी काळी मुले आपल्या जुन्या शाळेतच राहिली. ज्याला गोऱ्या मालकाकडे नोकरी करायची, त्या बापाची निवड खरोखर कितपत स्वतंत्र असणार? सर्व न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की भेदभाव ज्यांनी उभा केला, तो मोडण्याची जबाबदारीही त्यांचीच; ती पालकांच्या माथी मारता येणार नाही. त्यानंतर दक्षिणेतील शाळा झपाट्याने एकत्र झाल्या. १९६४ साली तेथील शंभर काळ्या मुलांपैकी जेमतेम एकदोन मुले गोऱ्यांबरोबर शिकत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या बदलाचे मोल कळते.

पण उत्तरेत निराळेच घडत होते. तेथे गोरे पालक शाळा बदलत नव्हते, ते घरच बदलत होते. मोठी शहरे सोडून ते भोवतालच्या उपनगरांत राहायला जात, आणि उपनगराची शाळा स्वतंत्र असे. डेट्रॉइट शहराबाबत खालच्या न्यायालयाने उपाय सुचवला, की शहर आणि आसपासच्या त्रेपन्न उपनगरांच्या शाळा मिळून एकच योजना करावी. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. मार्शल यांनी कडक शब्दांत भिन्नमत लिहिले. लहानपणापासून मुले एकत्र शिकली नाहीत, तर मोठेपणी माणसे एकत्र राहायला शिकणार नाहीत, आणि प्रत्येक महानगराची एक गोरी व एक काळी अशी दोन शहरे होतील, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी बोस्टनमध्ये काळ्या मुलांना घेऊन आलेल्या बसगाड्यांवर जमावाने दगडफेक केली.

मित्रहो, या जमावात आयाही होत्या. त्या सगळ्याच दुष्ट होत्या असे म्हणणे सोपे आहे. उपनगरात घर घेणाऱ्या अनेकांच्या मनात उघड द्वेष नसेलही. आपल्या मुलाला चांगली शाळा मिळावी, एवढेच त्यांना वाटत असेल. पण प्रत्येकाने आपापल्या मुलापुरते पाहिले, आणि त्या हजारो निवडींची बेरीज जुन्या वर्णभेदाएवढीच झाली. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शाळा एकत्र करताना काळ्यांच्याच शाळा बहुधा बंद झाल्या आणि हजारो काळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यामुळे काही कृष्णवर्णीय पालकही विचारू लागले, की गोऱ्यांशेजारी बसण्यासाठी आम्ही एवढी किंमत का मोजावी? हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. परंतु मार्शल यांचे म्हणणे मुळात गोऱ्या मुलाच्या सहवासाने काळे मूल शहाणे होते असे नव्हतेच. ज्या शाळेत बलवानांची मुले शिकतात, तिचे छप्पर गळू दिले जात नाही, हे त्यांनी दक्षिणेच्या दौऱ्यात पाहिले होते.

१९९१ साली प्रकृती ढासळल्याने ते निवृत्त झाले आणि २४ जानेवारी १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी क्लॅरेन्स थॉमस हे दुसरे कृष्णवर्णीय न्यायाधीश आले. २००७ साली सिएटल शहरातील पालकांचा खटला आला. तेथे एखाद्या माध्यमिक शाळेला जागेपेक्षा जास्त मागणी आली, की शाळेतील मिश्रण टिकावे म्हणून विद्यार्थ्याचा वर्णही पाहिला जाई. आपल्या मुलांना हवी ती शाळा मिळाली नाही, अशी पालकांची तक्रार होती. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि त्या पाचांत मार्शल यांच्या जागेवर बसलेले थॉमस होते. दोन्ही बाजू १९५४च्या निकालाचाच आधार घेत होत्या!

आज मेरीलँडच्या त्याच विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला मार्शल यांचे नाव आहे. मग ते जिंकले की हरले? कायद्याची भिंत त्यांनी पाडली, हे निर्विवाद. उरलेली भिंत आईबापांच्या मनात होती, आणि तिच्यावर कोर्टाचा हुकूम चालत नाही. आपण आज विद्यार्थी आहोत, उद्या आईबाप होऊ. हातात पदवी असेल, कदाचित चार पैसेही असतील. तेव्हा आपल्या मुलाचे नाव कुठल्या शाळेत घालायचे आणि त्याच्या बाकावर शेजारी कोण बसलेले आपल्याला चालेल, हे ठरवायला कुठलाही न्यायाधीश येणार नाही. ते आपल्यालाच ठरवायचे आहे.