विजेत्याचे बसण्याचे दुखणे

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात सँ-मेएँ-ल-ग्राँ नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या एका बेकरीवाल्याच्या घरी १२ मार्च १९२५ रोजी लुईझों बोबेचा जन्म झाला. पुढे सलग तीन वर्षे, म्हणजे १९५३, १९५४ आणि १९५५ मध्ये, त्याने टूर दे फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकली. अशी ओळीने तीन विजेतेपदे मिळवणारा तो पहिला सायकलपटू. त्याच्या पायांतली ताकद साऱ्या युरोपने पाहिली. त्याला जेरीस आणणारे दुखणे मात्र पायांत नव्हते. ते होते बसण्याच्या जागी, सीटवर टेकणाऱ्या कातडीत.

बोबेची सुरुवात काही झोकात झाली नाही. १९४७ च्या पहिल्याच टूरमध्ये त्याने डोंगराळ भागात माघार घेतली आणि सहकाऱ्यांत रडका म्हणून त्याची टिंगल झाली. पुढच्याच वर्षी आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी त्याच्या अंगावर आली. त्या वेळची एक हकिगत प्रसिद्ध आहे. जर्सीत कृत्रिम धागा मिसळलेला होता. घाम नीट शोषला जाणार नाही, कातडीला त्रास होईल, म्हणून बोबेने ती घालायला नकार दिला. शुद्ध लोकरीचीच हवी, असा हट्ट धरला आणि आयोजकांना रातोरात नवी जर्सी विणून घ्यावी लागली. स्वच्छतेच्या बाबतीत तो असा काटेकोर होता. बरोबरच्या खेळाडूंना ते नखरे वाटत.

एवढी काळजी घेणाऱ्यालाही हे दुखणे का व्हावे? त्यासाठी सीटवर काय घडते ते पाहू. सायकलवर बसलो की धडाचा बराचसा भार बैठकीच्या दोन हाडांवर आणि त्यांच्या मधल्या नाजूक भागावर येतो. दाबाखालच्या कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो. त्यातच प्रत्येक पेडलबरोबर मांडी सीटच्या कडेला घासते. तासाभरात हे हजारो वेळा होते. घामाने भिजलेली कातडी मऊ पडते आणि लवकर सोलवटते. सोललेल्या जागेतून किंवा केसांच्या मुळांतून स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू आत शिरतात. आधी बारीक पुटकुळी, मग केसतूड, मग पू धरलेले गळू, अशी ही चढती भाजणी आहे. पहिल्या पायरीवर दोन दिवसांची विश्रांती पुरते. शेवटच्या पायरीवर शल्यचिकित्सकाची सुरी लागते.

बोबेच्या काळी शर्यतीच्या चड्डीत आतून शॅमॉयचे खरे कातडे शिवलेले असे. धुऊन वाळले की ते कडक होई, म्हणून मलम चोळून मऊ करावे लागे. रोज नवी चड्डी ही चैन होती. आणि टूर म्हणजे तीन आठवड्यांत सुमारे साडेचार हजार किलोमीटर. कातडी भरून यायला जी उसंत लागते, नेमकी तीच तिथे मिळत नसे.

१९५५ ची टूर बोबेने हे दुखणे घेऊनच पूर्ण केली. कडक उन्हात माँ व्हाँटू या बोडक्या डोंगरावर त्याने सगळ्यांना मागे टाकले आणि आव्हिन्योंला तो पहिला पोहोचला. पुढे पिरेनीज पर्वतांत त्याने पिवळी जर्सी मिळवली आणि पॅरिसपर्यंत राखली. या काळात त्याच्या सीटखालच्या गळवांनी चांगलेच मूळ धरले होते. रोज सकाळी त्याच जखमेवर बसायचे आणि सहा-सात तास उठायचे नाही, असा तो विजय होता.

त्याची किंमत नंतर मोजावी लागली. संसर्ग खोल गेला होता. शस्त्रक्रिया करून मेलेला भाग काढावा लागला आणि ती पोकळी नाजूक अवयवांच्या अगदी जवळ पोहोचली होती. १९५६ च्या टूरमध्ये तो उतरला नाही. तो संपला होता, असे मात्र नाही. त्याच वर्षी त्याने पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांची शर्यत जिंकली. १९५७ च्या इटलीच्या शर्यतीत तो केवळ १९ सेकंदांनी दुसरा आला. पण टूर दे फ्रान्स त्याला पुन्हा कधीच जिंकता आली नाही. १९५९ मध्ये सुमारे २,७७० मीटर उंचीच्या इझराँ घाटमाथ्यापर्यंत तो कसाबसा पोहोचला आणि तिथे सायकलवरून उतरला. त्याची ती शेवटची टूर.

१९५५ मध्ये त्याने मधेच थांबायला हवे होते का? तिसरे विजेतेपद समोर दिसत असताना कोणता खेळाडू थांबला असता, हा प्रश्न अवघड आहे. वैद्यकीय उत्तर मात्र सोपे आहे. पू धरलेल्या जागेवर दाब देत राहिले की संसर्ग बाहेर येण्याऐवजी आत पसरतो. वारंवार असे झाले की तिथे कठीण गाठ राहते आणि ती पुढे प्रत्येक लांब फेरीत टोचते.

आज पहाटे सायकल घेऊन घाट चढणाऱ्यांपुढे पिवळी जर्सी नसते. त्यांना थांबणे परवडते. सीटची उंची आधी तपासावी; ती जास्त असेल तर कंबर दोन्ही बाजूंना डुलते आणि घर्षण वाढते. सीट बैठकीच्या हाडांच्या रुंदीची असावी. फार मऊ सीटमध्ये माणूस रुततो आणि मधल्या भागावर दाब वाढतो. पॅड असलेली चड्डी थेट कातडीवर घालावी, आत दुसरी नको, कारण तिची शिवण काचते. घर्षण कमी करणारे मलम निघण्यापूर्वी लावावे. त्या भागाचे केस वस्तऱ्याने काढू नयेत. दर दहा-पंधरा मिनिटांनी सीटवरून क्षणभर उठून रक्ताला वाट द्यावी. घरी पोहोचल्यावर आधी चड्डी बदलावी, अंघोळ करावी, कातडी कोरडी करावी आणि मगच चहा. अंतर हळूहळू वाढवावे.

पुटकुळी आलीच तर दोन-तीन दिवस सायकल भिंतीला टेकवून ठेवावी. कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने दिवसातून तीन-चार वेळा शेकावे. पिळू नये, सुईने फोडू नये. गाठ वाढत असेल, ताप आला असेल, लाली पसरत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. लाजेपोटी लपवू नये. पू साचला असेल तर तो चीर देऊन काढणे हाच उपाय, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. मधुमेह्यांनी तर एक दिवसही थांबू नये. त्यांच्यात या भागाचा संसर्ग झपाट्याने पसरून जिवावर बेतू शकतो. ज्यांना केसतुडे पुन्हा पुन्हा होतात, त्यांनी रक्तातली साखर तपासून घ्यावी.

बोबेची कारकीर्द १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एका मोटार अपघाताने थांबली. समुद्राच्या पाण्यातील व्यायाम आणि उपचारांनी तो सावरला. त्या अनुभवावरून १९६४ मध्ये त्याने ब्रिटनीच्या किनाऱ्यावर किबरों येथे समुद्रजल-उपचारांचे केंद्र उघडले. शरीराला उसंत द्यावी लागते, हे उशिरा कळलेले शहाणपण त्याने दुसऱ्यांसाठी वापरले. १३ मार्च १९८३ रोजी, अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, कर्करोगाने त्याचे निधन झाले. त्या आजाराचा सीटच्या गळवांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. सीटवरच्या जखमेने त्याचे आयुष्य हिरावले नाही, पण त्याची टूर हिरावली. आणि त्या जखमेची सुरुवातही एखाद्या पुटकुळीएवढीच असते.