अ‍ॅस्टन आणि सरासरीचा फसवा आकडा

दरडोई उत्पन्नाचा आकडा वर्गात सांगताना अर्थशास्त्राच्या शिक्षकाला एक पुस्ती जोडावीच लागते: नेमके तेवढेच उत्पन्न असलेला माणूस शोधू गेल्यास तो बहुधा सापडणार नाही. रसायनशास्त्रात हीच शंका एकेका मूलद्रव्याबाबत तडीस नेणारा संशोधक म्हणजे फ्रान्सिस विल्यम अ‍ॅस्टन.

१८७७ साली बर्मिंगहॅमजवळच्या हार्बर्न येथे जन्मलेल्या अ‍ॅस्टनने उमेदीची काही वर्षे बिअरच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी केली. काच फुंकून उपकरणे घडविण्यात त्याचा हात विलक्षण कुशल होता. अशा हाताचे मोल आपली पाठ्यपुस्तके क्वचितच सांगतात. १९१० मध्ये तो केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसनचा साहाय्यक झाला. तेथे निऑन वायूने दोघांनाही कोड्यात टाकले. त्याचा अणुभार २०.२, पण छायाचित्रात वक्ररेषा उमटत दोन, एक २० ची आणि एक २२ ची. मातीच्या सच्छिद्र नळ्यांतून वायू पुनःपुन्हा सोडून हे दोन घटक वेगळे करण्याचा अ‍ॅस्टनचा खटाटोप अपुराच राहिला आणि पुढे महायुद्धाने कामच थांबले.

१९१९ मध्ये त्याने मास स्पेक्ट्रोग्राफ उभारला. विद्युत्भारित अणूंचा झोत आधी विद्युत् व मग चुंबकीय क्षेत्रातून वळविला की सारख्या वजनाचे अणू छायाचित्राच्या काचेवर एकाच जागी येऊन पडतात, ही त्यामागील युक्ती. निऑनचे कोडे सुटले. क्लोरीनची कथा तर अधिकच बोलकी आहे. त्याचा अणुभार ३५.४६ म्हणून शिकविला जात होता. प्रत्यक्षात तेवढ्या वजनाचा अणू निसर्गात एकही नाही. काही ३५ चे, काही ३७ चे, साधारणपणे तीनास एक या प्रमाणात. एकाच मूलद्रव्याच्या अशा निरनिराळ्या वजनांच्या अणूंना समस्थानिक म्हणतात. निसर्गातील २८७ समस्थानिकांपैकी २१२ शोधण्याचे श्रेय अ‍ॅस्टनला दिले जाते. १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. १९४५ मध्ये केंब्रिज येथे तो निवर्तला.

या शोधाचा उपयोग काय, असे १९१९ साली कोणी हिशेबनिसाने विचारले असते, तर उत्तर देणे कठीणच गेले असते. आज पाण्यात, दुधात वा रक्तात डीडीटीचा अंश आहे काय, हे तपासणारा रसायनशास्त्रज्ञ मास स्पेक्ट्रोमीटरच्या आलेखात ३५ आणि ३७ ची तीच जोडी धुंडाळतो. डीडीटीच्या रेणूत क्लोरीनचे पाच अणू असतात. त्यामुळे आलेखावर दोन-दोन एककांच्या अंतराने रेषांचा एक ठरावीक समूह उमटतो. क्लोरीनच्या प्रत्येक अणूचे वजन खरोखरच ३५.४६ असते, तर ही ओळखखूण त्याला मिळाली नसती.