अबोल माणसाचे नेतृत्व

आपल्याकडे पुढारी म्हटला की सभा गाजविणारा, माणसांच्या गराड्यात रमणारा गृहस्थच डोळ्यांसमोर येतो. वर्गप्रमुख निवडताना आम्ही शिक्षकही बोलक्या मुलाकडेच बोट दाखवितो. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र हे मोजमाप किती अपुरे आहे ते दाखविते.

१८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेले गोखले स्वभावाने संकोची आणि कमालीचे हळवे होते. बोलण्यापूर्वी पुरावा तपासण्याची शिस्त त्यांना न्यायमूर्ती रानडे यांनी लावली. ती ढळली तेव्हा मोठी किंमत मोजावी लागली. १८९७ साली इंग्लंडमध्ये असताना, पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावर असलेल्या गोऱ्या सैनिकांवरचे, पत्रांतून कळलेले गंभीर आरोप त्यांनी जाहीर केले. मायदेशी परतल्यावर पुरावा उभा राहीना. पत्र लिहिणाऱ्यांची नावे उघड न करता त्यांनी बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भ्याड ठरविले. गोखल्यांनी वाद वाढविला नाही. ते प्लेगनिवारणाच्या कामाला लागले. टाळ्यांवर जगणाऱ्याला हे जमणे कठीण.

मार्च १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकातील शिलकेचे कौतुक चालले असता गोखल्यांनी निराळाच हिशेब मांडला. दुष्काळाने गांजलेल्या रयतेवरील जादा करांतून ही शिल्लक आली आहे, ती सुबत्तेची खूण नव्हे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. १९०३ साली मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची माफी पाचशेवरून हजार रुपयांपर्यंत वाढली. या बदलांना त्यांच्या सततच्या मांडणीचे बळ होते.

बहिर्मुख नेता अनेकदा स्वतःभोवती अनुयायी जमवितो. गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापून कार्यकर्ते घडविले. श्रीनिवास शास्त्री, ना. म. जोशी, ठक्कर बाप्पा यांनी पुढे आपापली क्षेत्रे स्वतंत्रपणे उभी केली.

अर्थात या स्वभावाला मर्यादाही होती. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. सरकारी बहुमतापुढे केवळ युक्तिवाद पुरेना आणि त्यामागे लोकांचा रेटा नव्हता. तो निर्माण करण्याचे सामर्थ्य लोकमान्य टिळकांपाशी होते. राष्ट्राला दोघांचीही गरज होती.

१९१५ साली, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गोखले गेले. शिक्षणहक्काचा कायदा मात्र २००९ साली झाला. मुलाखतीत अडखळणाऱ्या उमेदवाराला आणि मागच्या बाकावरील अबोल विद्यार्थ्याला बाद ठरविण्यापूर्वी त्याची वही तरी एकदा उघडून पाहावी. आपण तेवढेही करीत नाही, आणि त्यात तोटा आपलाच आहे.